चेंबर म्हणजे नुसती शाल-श्रीफळं?

एका भाऊंनी लिहिलं की चेंबर, म्हणजे आपली व्यापारी संघटना, म्हणजे सत्कार, शाल-श्रीफळ अन् फोटो, शिवाय निवडणुकीत गटबाजी. अर्धं खरं आहे. वर्गणी भरूनही मी दोन वर्षं तिकडं फिरकलो नव्हतो.

माझा नागपूरजवळ हिंगण्याला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना. एका मोठ्या गिऱ्हाइकानं सात महिने पैसे अडकवले. "पुढच्या आठवड्यात देतो" ऐकून कान किटले. शेवटी संघटनेच्या बैठकीत रडगाणं गायलो, तर शेजारी बसलेल्या सीए काकांनी विचारलं, "उद्यम नोंदणी आहे का बा?" म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. ती होती. मग त्यांनी समजावलं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानं करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. थकलेल्या पैशांची तक्रार याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे करता येते. नुसतं व्याजाचा हिशोब जोडून पत्र धाडलं, पंधरा दिवसांत मुद्दल आली. (व्याज मीच सोडलं. गिऱ्हाईक टिकवायचंय ना!)

पण नागपूरच्या इतवारी-गांधीबाग बाजारातल्या निव्वळ खरेदी-विक्रीवाल्यांनी लक्षात ठेवा, उद्यम नोंदणी मिळाली तरी हे संरक्षण त्यांना नाही. ते उत्पादन अन् सेवावाल्यांनाच.

एलबीटीच्या (महापालिकेच्या स्थानिक संस्था कराच्या) वेळचं आठवतं का? एकटा दुकानदार ओरडला असता तर कोणी विचारलं असतं? राज्यभर बाजार बंद राहिले, तेव्हा कुठं ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला सूट मिळाली.

संघटनेच्या निवडणुकीतली गटबाजी मात्र मलाही पटत नाही. त्यावर ते भाऊ म्हणतात ते बरोबर.