कोचीनची निवड : आधी बांधा की आधी रंग?

बांधेसूद

प्रदर्शनासाठी कोचीन या जातीच्या कोंबड्या पाळणाऱ्यांमध्ये एक सवय इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणी प्रश्नही विचारत नाही. पिल्लांची पहिली पिसे झडून नवी आली की रंगात उणी वाटणारी पिल्ले बाजूला काढायची आणि उरलेल्यांतून पुढच्या हंगामाच्या जोड्या लावायच्या, ही ती सवय. माझ्या मते कोचीनचे खरे नुकसान याच क्रमामुळे होत आहे. रंगातला दोष काही महिन्यांत डोळ्यांना दिसतो. परंतु ही जात अतिशय सावकाश वाढते, त्यामुळे तिचा बांधा वर्ष उलटल्याशिवाय, आणि नरांच्या बाबतीत पुष्कळदा दुसऱ्या वर्षाची पीसझड होईपर्यंत, नीट कळत नाही. ज्या गुणाचा निवाडा उशिरा करता येतो तो अंगी असलेले पक्षी आपण लवकर दिसणाऱ्या दोषापायी आधीच गमावतो.

कोचीनची ओळख रंगाने होत नाही. रुंद पाठ, तिच्या मध्यापासून शेपटीकडे चढत जाणारी पिसांची गोल गादी, खोल आणि भरलेली छाती, दोन पायांमधले चांगले अंतर, लहान एकेरी तुरा आणि मधल्या बोटापर्यंत उतरलेली पिसे यांमुळे ती लांबूनही ओळखू येते. प्रदर्शनासाठी जातीचे अपेक्षित गुण ठरवून देणाऱ्या अमेरिकी मानकात पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ११ पौंड आणि कोंबडीचे साडेआठ पौंड, म्हणजे अनुक्रमे सुमारे ५ आणि ३.९ किलो, अपेक्षित आहे. पिसे इतकी सैल आणि दाट असतात की हडकुळा पक्षीही भरदार दिसतो. म्हणून छातीचे हाड हाताने चाचपल्याखेरीज बांध्याविषयी बोलूच नये.

माझी सूचना अशी की पहिल्या छाटणीत फक्त वाकडी चोच, वाकडी बोटे, उघडे मधले बोट आणि गुडघ्याजवळ मागे वळलेली ताठ पिसे हे दोष पाहावेत, आणि रंगाचा हिशेब वर्षभराने करावा.

सोनपीस

आपला युक्तिवाद कागदावर पटतो, परंतु त्यात जागेचा विचार नाही. एवढ्या मोठ्या जातीची सगळी पिल्ले वर्षभर सांभाळायची म्हणजे वाढते नर वेगळे ठेवणे आले आणि दाटी होऊ नये म्हणून खुराडी वाढवणे आले. दाटीत वाढलेल्या कोचीनच्या पायांची पिसे तुटतात, खुराड्यातल्या ओल्या भुश्यावर ती चिखलाने माखतात आणि ओलाव्यात कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा परजीवीजन्य रोग बळावतो. मग ज्या बांध्यासाठी थांबायचे तोच बिघडतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. बांधा पिढ्यांगणिक थोडाथोडा सरकत सुधारता येतो, रंग मात्र एकदा विस्कटला की सहज परत येत नाही. बफ, म्हणजे सोनेरी पिवळसर, रंगाचेच पाहा. तो अंगभर एकसारखा असावा लागतो आणि पीस उचलून पाहिल्यास बुडाशीही उतरलेला दिसावा लागतो. शेपटीतली काळी झाक किंवा पंखातले पांढरे पीस एकदा पैदाशीत शिरू दिले की ते कोणत्या पिढीत पुन्हा डोके वर काढील हे सांगता येत नाही. गडद नर आणि फिकट मादी यांचा मेळ घालून मधला रंग मिळवू पाहणाऱ्यांच्या हाती बहुधा चट्टेरी पिल्लेच लागतात.

पार्ट्रिज या तित्तिरासारख्या रंगप्रकारात तर अडचण दुप्पट आहे. मादीच्या प्रत्येक पिसावर स्पष्ट समांतर रेघा हव्यात आणि नराची छाती निखळ काळी हवी, या दोन अपेक्षा एकाच जोडीतून क्वचितच पूर्ण होतात. म्हणून कसलेले पाळक नरांसाठी एक आणि माद्यांसाठी दुसरी अशा दोन वेगळ्या वंशांच्या ओळी राखतात. अशा ओळीत केवळ बांधा चांगला म्हणून एखादा काळा नर घातला, तर कित्येक पिढ्यांनी कमावलेल्या रेघा एका हंगामात पुसल्या जातात.

बांधेसूद

पार्ट्रिजच्या ओळीत काळा नर घालावा असे मी कोठेही म्हटलेले नाही. प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात शोभणारा पक्षी आणि पैदाशीच्या खुराड्यात उपयोगी पडणारा पक्षी एकच असला पाहिजे, हा समज सोडावा एवढेच माझे सांगणे आहे. निळ्या रंगात हे सर्वांत स्वच्छ दिसते. निळ्या नराची निळ्या मादीशी जोडी लावली तर सरासरीने निम्मी पिल्ले निळी, पाव काळी आणि पाव पांढुरक्या अंगावर निळसर ठिपक्यांची, म्हणजे स्प्लॅश, निघतात. रंगावरून छाटणारा पाळक येथे अर्धी पिल्ले बांधा न पाहताच गमावतो. उलट स्प्लॅश आणि काळा यांची जोडी लावली तर सगळी पिल्ले निळी होतात. तेव्हा रुंद पाठीची स्प्लॅश तलंग पिंजऱ्यात नेता येत नसली, तरी पुढच्या वर्षीची उत्तम निळी पिल्ले तिच्याच पोटी असू शकतात.

शिवाय पुष्कळदा ज्याला आपण रंगदोष म्हणतो तो उन्हाचा परिणाम असतो. बफ उन्हात विटतो, पांढऱ्यावर पितळी झाक चढते. नव्या पिसांवर आणि सावलीत वाढवलेल्या पक्ष्यावरच रंग तपासावा, एवढे पथ्य पाळले तरी छाटणीतला बराच अन्याय टळेल.

सोनपीस

उन्हाविषयीचे म्हणणे मान्य. निळ्याचे उदाहरण मात्र आपल्या सोयीचे आहे, कारण तेथे मुख्य खेळ एका जनुकाचा आहे आणि परिणाम आधीच मांडून दाखवता येतो. बफ अनेक जनुकांच्या मेळातून घडतो. त्याला निळ्याचे गणित लावणे योग्य नाही. निळ्यातही नुसता निळा निघून भागत नाही. पिसाच्या कडेची गडद किनार टिकवण्यासाठी जाणकार अधूनमधून चांगला काळा पक्षी वापरतात, आणि तो काळाही रंगावरूनच निवडतात : हिरवी चमक असलेला घेतात, जांभळी झाक असलेला टाळतात.

खुराड्यातला

आपण दोघेही पिसांविषयीच बोलत आहात, एक त्यांच्या रंगाविषयी आणि दुसरा त्यांच्या फुगवट्याविषयी. १८४० च्या दशकात शांघायकडून ब्रिटन आणि अमेरिकेत पोहोचलेल्या कोचीन उंच होत्या आणि त्यांच्या अंगावर आजच्या मानाने पिसे पुष्कळ कमी होती. त्यांनी तेथे कोंबड्यांचे अक्षरशः वेड लावले; १८७४ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनचे पहिले मानक आले तेव्हा बफ, पार्ट्रिज, पांढरा आणि काळा हे तिचे चारही रंग त्यात होते. पुढे पिंजऱ्यातली निवड जसजशी पिसांकडे झुकली तसतशी ती पिसांचा गोळा होत गेली. आता गुदद्वाराभोवतीची पिसे कात्रीने कापल्याशिवाय अनेक जोड्यांची अंडी फळत नाहीत, आणि पायांवरच्या दाट पिसांखाली खवले उचलणारे माइट नावाचे बारीक परजीवी शिरले तर ते वेळेवर दिसतही नाहीत. आपण ज्याला बांधा म्हणता त्यात ही पिसांची गादीही आली, तेव्हा ‘आधी बांधा’ म्हटल्याने प्रश्न सुटत नाही.

पहिली चाळणी फलनक्षमतेची असावी असे माझे मत आहे. पिसे न कापता जोडी लावावी, कोंबडीनिहाय अंड्यांवर खूण करावी आणि सातव्या दिवशी प्रकाशासमोर धरून पाहावे. ज्या जोडीची बहुतेक अंडी रिकामी निघतात ती कितीही देखणी असली तरी तिच्यावर वंश उभा करू नये.

सोनपीस

पिसे कापणे ही निगा आहे, लबाडी नव्हे. पुढच्या पीसझडीत ती पुन्हा येतात. तुमची चाळणी लावली तर सर्वांत कमी पिसांचे पक्षी आपोआप पुढे सरकतील आणि काही पिढ्यांत जी कोंबडी उरेल तिला परीक्षक कोचीन म्हणणार नाहीत. तसे करायचेच असेल तर आधी मानक बदलण्याचा आग्रह धरावा. रिकामी अंडी मोजताना नराचे वय आणि अंगावरची चरबीही पाहावी. लठ्ठ, वयस्क नराचा दोष पिसांच्या माथी मारला जातो.

बांधेसूद

मानक बदलण्याची गरज मला वाटत नाही. त्यात पिसांइतकेच वजनही लिहिलेले आहे, फक्त तराजू कोणी काढत नाही. अंड्यांवर खूण करण्याची पद्धत मात्र मी या हंगामापासून स्वीकारतो, आणि प्रत्येक जोडी आधी पिसे न कापता, मग कापून अशी दोनदा तपासतो, म्हणजे दोष पिसांचा की नराचा हे वेगळे करता येईल. नर त्या काळात बदलणार नाही.

खुराड्यातला

दोन तपासण्यांमध्ये किमान तीन आठवडे जाऊ द्या. आधीच्या मीलनाचे शुक्राणू कोंबडीच्या शरीरात दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकू शकतात. घाई केली तर पहिल्या फेरीचे फळ दुसऱ्या फेरीच्या नावावर लिहिले जाईल.