जुनी एफसी-१५० पिकअप: इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल ओळखायला मदत हवी

वाईकर_पाना
महिंद्राची फॉरवर्ड कंट्रोल (एफसी) पिकअप घेतली आहे, नाक नसलेली. व्हीलबेस मोजला तर ८१ इंच भरला, म्हणून १५० धरतोय. आरसीवर इंधन पेट्रोल लिहिलंय, पण केबिनमधल्या पेटीखाली चार सिलिंडरचं डिझेल बसवलेलं आहे आणि इंजिन नंबर जुळत नाही. विकणारा म्हणाला, "डीआय आहे," म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं. गिअर तीन, बाजूला दोन छोटे लिव्हर. इंजिनावर प्लेट नाही, ब्लॉकवर रंगाचे थर आहेत. सगळं मिळून ६० हजारांच्या वर जायचं नाही. नेमकं काय काय बसलंय ते कसं ठरवू?

ऑइलसील
अभिनंदन! एफसी आता सहज दिसत नाही. माझा सल्ला एकच: पाच गिअरचा बॉक्स, पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक. माझ्या कमांडर जीपला तिन्ही केलंय, घाटात कारसारखी चालते. आत्ता ओळखत बसून काय करणार, बदलायचंच आहे सगळं.

कोल्हापुरी_स्पॅनर
ऑइलसीलभाऊ, त्यांनी ६० हजार लिहिलेत.

वाईकर, आधी हेडवर हीटर प्लग आहेत का बघा. चार प्लग एका पट्टीने किंवा तारेने जोडलेले असतील तर ते डीआय नाही, प्यूजो कंपनीचं इंजिन आहे. महिंद्राच्या २५२३ सीसी डीआयला हीटर प्लग नसतात, कारण डिझेल थेट पिस्टनच्या खोलगट भागात फवारलं जातं. प्यूजोमध्ये ते आधी हेडमधल्या छोट्या कोठीत पेटतं, म्हणून थंडीत ती कोठी तापवावी लागते.

दादर_डिझेल
सोपा उपाय सांगतो. एक इंजेक्टर काढा, सरळ तार आत सोडा, क्रँक हाताने फिरवा. तार जितकी वर-खाली होईल तितका स्ट्रोक. डीआयचा १०१.६ मिमी येतो. प्यूजो एक्सडीपी ४.९० चा ८३, एक्सडी३पी चा ९०. विषय संपला.

कोल्हापुरी_स्पॅनर
डीआयला हे चालतं. प्यूजोला चालत नाही, दादर. तिथे इंजेक्टर कोठीत उघडतो, कोठीतून सिलिंडरकडे जाणारी वाट तिरकी असते, तार पिस्टनपर्यंत पोचतच नाही. जबरदस्ती केली तर तार आत अडकून तुटेल. हेड उतरवून बोअर मोजणं हाच खात्रीचा मार्ग: ९० मिमी असेल तर २११२ सीसीचं एक्सडीपी, ९४ असेल तर २४९८ सीसीचं एक्सडी३पी.

हेड काढल्यावर सुटे ओले लाइनर दिसले तर क्रँक फिरवू नका. लाइनरला वरून हेडचाच दाब असतो. तो गेला की पिस्टन लाइनरला वर ओढतो, खालचं सील सुटतं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. हेडच्या बोल्टखाली जाड वॉशर घालून लाइनर दाबून ठेवा, मगच हात लावा.

टाटाप्रेमी_सांगली
म्हणूनच टाटा बरी! ४८३ म्हणजे चार सिलिंडर, ८३ चा बोअर. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ चा बोअर. ब्लॉकवरचा आकडा वाचला की काम झालं. हेड उतरवायची गरज नाही.

दादर_डिझेल
एक्सडीपी ४.९० मध्येही तेच आहे की. चार सिलिंडर, ९० चा बोअर.

गंजलेला_नट
इंजिन राहू द्या, मागून पुढे या. एक्सल खोटं बोलत नाही. पुढच्या चाकांना दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर टेकलेलं ठेवा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रॉपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर १० फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक स्थिर असलं की शाफ्ट निम्मंच फिरतो, म्हणून शाफ्टच्या फेऱ्यांवरून एक्सलचं गुणोत्तर (क्राऊन आणि पिनियनच्या दातांचं) असं:

२७ च्या किंचित आत: ५.३८ (४३ आणि ८ दात)
साडेचोवीसच्या आसपास: ४.८८ (३९ आणि ८)
साडेएकवीसच्या आत: ४.२७ (४७ आणि ११)
साडेवीसच्या आत: ४.०९ (४५ आणि ११)

हीच मोजणी पुढच्या एक्सलला करा, फ्री-व्हील हब असतील तर लॉक करून. दोन्हीकडे एकच आकडा यायला हवा. मागचा एक्सल कुणी दुसऱ्या गाडीचा टाकला असेल तर फोर-व्हील लावून डांबरी रस्त्यावर चालवताच ट्रान्स्फर केसवर (दोन्ही एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो आणि दात जातात.

चाक काढताना डाव्या बाजूच्या स्टडचं टोक पाहा. 'एल' कोरलेला असेल तर आटे उलटे आहेत. नट सुटत नाही म्हणून पाइप लावून स्टड तोडणारे बरेच आहेत.

ऑइलसील
४.०९ निघालं तर नशीब. ५.३८ निघालं तर बदलूनच टाका, हायवेला इंजिन ओरडत राहतं.

गंजलेला_नट
टायरचा घेर २.२५ मीटर धरला तर ८० च्या वेगाला चाक मिनिटाला ५९३ फेरे मारतं. ५.३८ ला इंजिन सुमारे ३२०० वर, ४.८८ ला २९०० वर. तीनशे फेऱ्यांच्या फरकासाठी दोन्ही एक्सलची क्राऊन-पिनियन बदलायची? मला पटत नाही.

नाशिक_एक्सल
गिअरबॉक्सही मोजून कळतो. इंजेक्टर काढून कॉम्प्रेशन मोकळं करा, पहिला गिअर, ट्रान्स्फर हाय रेंजला, मागची दोन्ही चाकं उचललेली. क्रँकचे १४ फेरे झाले आणि प्रॉपेलर ५ फिरला तर २.८ चा पहिला गिअर, म्हणजे टी-९० गिअरबॉक्स. पहिल्या गिअरला सिंक्रो (वेग जुळवणारी रिंग) नसतो, चालत्या गाडीत टाकला की करकर होते. दोन लिव्हर आणि मागच्या शाफ्टला एका बाजूने बाहेर येणारा जोड, म्हणजे ट्रान्स्फर केस स्पायसर १८.

ऑइल दोन्हीकडचं वेगवेगळं तपासा. टी-९० चं ऑइल सील आणि बेअरिंगमधून ट्रान्स्फरमध्ये सरकतं. एकीकडे कोरडं आणि दुसरीकडे काठोकाठ, हा नेहमीचा आजार.

टाटाप्रेमी_सांगली
गिअर ऑइल जीएल-५ दर्जाचंच टाका, सगळीकडे तेच चांगलं.

नाशिक_एक्सल
एक्सलमध्ये हो, तिथे हायपॉइड दात आहेत. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ हवं. जुन्या पितळी सिंक्रो रिंगांना जीएल-५ मधली गंधकाची रसायनं खातात.

आणि डिझेल नंतर बसवलंय, तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली अडॅप्टर प्लेट तपासा. डायल गेज फ्लायव्हीलला लावून बेल हाउसिंगचं मधलं भोक फिरवून पाहा. फरक ०.१३ मिमीच्या वर असेल तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग टिकत नाही आणि गिअर निसटतो.

दादर_डिझेल
गिअर निसटतो याचं कारण बहुतेक वेळा शिफ्टरचं स्प्रिंग असतं.

कोल्हापुरी_स्पॅनर
एक महत्त्वाचं राहिलं. नंबर शोधताना ग्राइंडर अजिबात लावू नका. पेंट रिमूव्हर, पितळी ब्रश, मग खडू चोळून बाजूने टॉर्च. चेसिसचा नंबर पेन्सिलने कागदावर छापून घ्या, आरटीओत छाप मागतातच. आणि परवानगीशिवाय बदललेलं इंजिन ही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची अडचण आहे. फिटनेसला अडकेल, अपघात झाला तर विमाही अडेल.

वाईकर_पाना
मोजून आलो. चारही हीटर प्लग आहेत. हेड गॅस्केट तशीही गेली होती म्हणून हेड उतरवलं, बोअर ९०. मागे १० फेऱ्यांना २७ च्या आत, पुढेही तेवढेच. क्रँक १४, प्रॉपेलर ५. म्हणजे एक्सडीपी ४.९०, टी-९० आणि दोन्हीकडे ५.३८.

ऑइलसील
आता डीआय टाका, सोबत पाच गिअर.

दादर_डिझेल
प्यूजोच ठेवा, नवीन रिंगा टाका, आरसीवर डिझेल चढवून घ्या.

टाटाप्रेमी_सांगली
प्यूजोच ठेवा असं मीही म्हणतो.

वाईकर_पाना
सगळ्यांचे आभार, पण मी एफसीचं मूळचं पेट्रोल इंजिन, हरिकेन, परत बसवणार आहे. गिअरबॉक्स आणि दोन्ही एक्सल मूळचे निघाले, फक्त इंजिन परकं आहे. कराडला एका गोदामात हरिकेन आहे, प्यूजो विकून त्याचे पैसे निघतील. अडॅप्टरची भानगडही संपेल, आणि आरसीवर फक्त इंजिन नंबर बदलून घ्यावा लागेल.

ऑइलसील
पेट्रोल परवडणार नाही. पुन्हा सांगतोय.

गंजलेला_नट
मीही डिझेलच ठेवलं असतं. पण जाताच आहात तर बघायचं काय ते सांगतो. हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो. ब्लॉकच्या बाजूचं झाकण काढून एक्झॉस्ट सीटजवळ तडा आहे का पाहा, तडा असेल तर घेऊ नका. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर घ्या. बसवल्यावर थंड इंजिनावर इनटेकला ०.४६ मिमी, एक्झॉस्टला ०.४१ मिमी गॅप. फायरिंग १-३-४-२.

वाईकर_पाना
लिहून घेतलं. रविवारी गेज घेऊन जातोय.