रांजणातली वाइन आपल्या पोरांनी करावी का?

तेरचा_गडी:
मंडळी, चार दिवस झाले जॉर्जिया देशाबद्दल वाचायलोय. तिथं क्वेव्री म्हणून मातीचा मोठा रांजण असतो, आतून मधमाशीचं मेण लावलेला, तोंडापर्यंत जमिनीत पुरलेला. पांढरी द्राक्षंबी साल-बियांसकट त्यातच पाच-सहा महिने ठेवतात, मग वाइनला कोऱ्या चहासारखा रंग येतो. २०१३ ला युनेस्कोनं ही पद्धत वारशाच्या यादीत घेतली. आता तिथली तरणी पोरं तोच रांजण वापरायलेत, यीस्ट सालीवरचंच, पण आम्ल-साखर मशिनवर मोजून. २००६ ला रशियानं त्यांची वाइन घेणंच बंद केलं होतं तरी ते उभे राहिले. आपल्याकडं कुंभार हाय, द्राक्ष हाय, भाव पडला की रडणंबी हाय, मग हे का नाही?

मांडवाखालचा (जालना):
दादा, कोणतं द्राक्ष? आपल्याकडं थॉमसन, सोनाका, म्हणजे खायचा माल. जिब्रेलिकच्या औषधात बुडवून मणी फुगवलेला, साल पातळ, बी नाही. साल-बियांसकट आंबवायचं म्हणता तर त्यात चव उतरणार कुठून? त्याला शिराझ नाहीतर शेनिन ब्लांक, वाइनची जात लावावी लागंल. आन आपली तोडणी फेब्रुवारी-मार्चात, रांजण पुरला तरी एप्रिल-मेच्या उन्हात वाइन किती टिकंल ते आधी बघा. नाशिकला गार पाण्याचं जॅकेट असलेल्या स्टीलच्या टाक्या काय शोभेला ठेवल्यात का.

बीडची_लेक:
मला चव-बिव काही सांगू नका. २०२२ ला सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा शेतकऱ्याचंच नाव पुढं केलं होतं. आमच्या गल्लीत ऊसतोडीहून आलेली बाई उचलीचे पैसे नवऱ्यापासून पिठाच्या डब्यात लपवते, मी डोळ्यानं बघितलंय. परंपरा म्हणता, कोणाची परंपरा? आपल्या घरात रांजण पाण्याचा असतो.

तेरचा_गडी:
ताई, तुमचं म्हणणं मी खोडत नाही, ते दुःख खरंच हाय. पण गावात दारू वाइननं आली नाही, ती आधीपासून हाय, देशी. आन परंपरेचं म्हणाल तर आमचं तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल गाड्यांवर भरुचला जायचा आणि त्याच बंदरात इटलीची वाइन उतरायची. जालन्याच्या दादांचं मात्र मान्य, थॉमसनची नाही व्हायची.

नुसताच_शेतकरी:
माझ्या चुलत्यानं मंदीच्या आधी करारावर वाइनची दीड एकर लावली होती. मंदी आली त्या वर्षी वाइनरीनं माल उचललाच नाही, फोनबी घेतला नाही. वाइनचं द्राक्ष बारीक, आंबट, बियाळ, बाजारात कोणी हातात धरंना. काकानं घड वेलावरच वाळू दिले आन पुढच्या खरड छाटणीला बागच उपटली. खायच्या मालाचं निदान बेदाणे तरी होतात. पोरांना करू द्या प्रयोग, पण माल दुसऱ्याच्या दारात न्यायचा नाही, परवाना-रांजण-बाटली सगळं आपल्याच गटाचं असंल तरच मी हाय.

मांडवाखालचा (जालना):
असं असंल तर बोलू. आन हातानं करायचं म्हणजे आंबताना सालीचा थर वर येतो, तो दिवसातून तीन-चारदा लाकडी दांड्यानं खाली दाबावा लागतो, रात्रीबी. एक दिवस चुकला की वर शिरक्याचा वास सुटलाच. दोन गुंठे शिराझ मी लावतो बांधाकडंला, कुंभार तुम्ही बघा.

बीडची_लेक:
लावा. मी विरोधातच हाय.