थंडीत १४ पाहुणे, ३ दिवस: पौष्टिक पण पथ्याचं न वाटणारं काय करू?

साताऱ्याची_सून
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. २७ ते २९ डिसेंबर आमच्याकडं पुण्याची नणंद घरच्यांसकट, ठाण्याचे चुलत दीर-जाऊबाई आणि सासूबाईंची बहीण असे सगळे येणारेत, घरचे धरून १४ माणसं, त्यात ४ पोरं. मधला दिवस सगळे महाबळेश्वरला जाणार म्हणजे मोठी जेवणं दोनच दिवस, पण नाष्टे तिन्ही दिवस. गेल्या वर्षी मी पनीर, पुऱ्या, गुलाबजाम केलेले आणि एक रात्र बाहेरून मागवलं, दुसऱ्या दिवशी निम्मं घर पोट धरून सोफ्यावर. सासऱ्यांना शुगर आहे, सासूबाईंचं बीपी, नणंदेचं डाएट चालूय. म्हणून यंदा थंडीत इथं जे मिळतं त्यातलंच करावं असं डोक्यात आहे, पण "पेशंटचं जेवण" वाटलं तर जाऊबाई वर्षभर ऐकवतील.
अडचण अशी की मी माहेरची रत्नागिरीची. तांदळाची भाकरी डोळे मिटून करीन पण बाजरीची तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे होतात. कुणी सांगेल का काय करू?

कराडचा_खवय्या
वहिनी, सरळ भोगीची भाजी करा, दुसरं काही शोधूच नका. भोगी जानेवारीत असते, आधी केली तर पाप लागत नाही, फार तर लेकुरवाळी भाजी म्हणा. आत्ता मंडईत सगळं ताजं आहे, हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, गाजर, ओल्या शेंगा, कृष्णाकाठची वांगी. १४ जणांना सगळं मिळून सव्वादोन-अडीच किलो लागेल, पावटा-सोलाणे सोलून घेतल्यावरचं वजन बरं का, शेंगांसकट नाही, नाहीतर माझ्या बायकोसारखं होईल, ४ किलो शेंगा आणून तासभर सोलल्या आणि हातात आले दोन वाटे.
आमची पद्धत: फोडणीत जिरं, हिंग, हळद, मग पावटा, सोलाणे आणि ओले शेंगदाणे घालून झाकण ठेवायचं, ते अर्धे शिजले की गाजर, वांगी सगळ्यात शेवटी नाहीतर गाळ होतो. मग आपली कांदा-लसूण चटणी, चिंचेचा कोळ, आणि भाजून कुटलेले पांढरे तीळ दोन मुठी. तिळाचं कूट कंजूषपणा न करता घाला, चव तिथंच आहे आणि रस्सा पण दाट होतो त्यामुळं वरून तेलाचा तवंग लागत नाही. शेवटी गुळाचा खडा.

मिरजेची_काकू
अगं तू तारखा बघितल्यास का, तेव्हा धनुर्मास चालू असतो! आमच्या लहानपणी थंडीत पाहुणे आले की धुंधुरमासाचं जेवण असायचं, म्हणजे पहाटे उठून स्वयंपाक आणि सूर्य उगवायला पानं वाढलेली. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत, लेकुरवाळी भाजी. थंडीत सकाळी भूक अशी लागते की मुलं न बोलवता पाटावर येऊन बसायची. त्यानंतर दुपारी काही नको, चारला चहा आणि रात्री हलकं. यजमानीणबाईचा एक अख्खा स्वयंपाक वाचतो हे कुणी बोलत नाही पण खरं कारण तेच 😄
शेवटच्या दिवशी कर, त्यांना परत निघायचंच असेल ना, जेवून ९ ला गाडीत बसतील. वाटेत हॉटेल नको की काही नको.
लोणी घरचं कर हो, आठवडाभर साय साठव.

जतचं_शिवार
सातारकर, पाहुण्यांना हुरडा खायला घाला की. पण आधीच सांगतो, डिसेंबरच्या शेवटी सगळीकडं हुरडा मिळेलच असं नाही, पेरा कधी झाला त्यावर आहे. आमच्याकडं खरा हंगाम जानेवारीत, दाणा दुधाळ असायला लागतो, एकदा टणक झाला की भाजून उपयोग नाही, दात दुखतात नुसते. माण-खटावकडं कुणी ओळखीचं असलं तर फोन करून विचारा, गुळभेंडी ज्वारी असली तर सोन्याहून पिवळं.
नाही मिळाला तर हरभऱ्याचे डहाळे आणा आणि गच्चीवर पाटीत शेकोटी करून भाजा. पोरं मोबाईल विसरतात. सोबत लसणाची चटणी, ताजं दही, बोरं. बस.
आणि आल्या आल्या पाहुण्यांना चहाच्या ऐवजी हुलग्याचं माडगं द्या कपातनं. हुलगे खमंग भाजून जाडसर दळायचे, एका वाटी पिठाला सहा-सात वाट्या पाणी, पीठ आधी गार पाण्यात कालवून मगच उकळत्या पाण्यात ओतायचं आणि हलवत राहायचं, लसूण-जिरं-मिरची वाटून, मीठ, वर थोडं तूप. कोकणातल्या आहात म्हणजे कुळीथ माहिती आहेच, तुमच्या पिठल्याचाच पातळ भाऊ समजा. सर्दी झालेला माणूस दोन कप मागून घेतो.

सांगली_किचन
वरचं सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं, पण एक सांगू का, माझ्या घरात नवऱ्याला ११ वर्षं शुगर आहे म्हणून बोलते. "साखर नको, गूळ चालतो" हे डोक्यातून काढून टाका. गुळात थोडं लोह वगैरे असतं, ते ठीक, पण तो मुख्यतः साखरच आहे आणि शुगर तशीच वाढवतो. भाजीतला एक खडा १४ जणांत वाटला जातो, त्याचं काही नाही. पण तिळगुळाच्या वड्या, काकवी, गुळाची पोळी "हेल्दी आहे हो" म्हणत पाहुणे सासऱ्यांच्या पानात वाढतात आणि ते पण पाहुण्यांसमोर नाही म्हणत नाहीत, तिथं गडबड होते. हुरड्याचं पण तेच, धान्यच आहे ते, आणि गप्पा मारत हातावर चोळून खाताना किती गेला कळत नाही.
बाजरीत चोथा जास्त म्हणून पोट भरतं, पण चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्याच. आमच्याकडं ताटाचा क्रम बदलला फक्त, आधी घोळाणा, मग भाजी-उसळ, मग भाकरी. घोळाणा म्हणजे कांद्याची पात, कोवळी मेथी, हरभऱ्याची कोवळी पानं बारीक चिरून त्यात दाण्याचं कूट, मीठ, लिंबू, कच्च्या तेलाची धार. काकडी-टोमॅटोच्या चकत्या कुणी खात नाही, ताटात वाळत पडतात, हा मात्र उरत नाही.
आणि मिरजेच्या काकूंचा धुंधुरमास छानच, पण सासरे गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील तर एकदम पहाटे भारी जेवण आणि दुपारी उपाशी असं करू नका, गोळ्यांची वेळ जेवणाशी बांधलेली असते. डॉक्टरांना एक फोन करून विचारा आणि दुपारचं त्यांचं वेगळं थोडं ठेवाच.

मिरजेची_काकू
बरोबर आहे हो तुमचं. आमच्या काळी घरात शुगर मोजत कोण होतं! त्यांना दुपारी चाकवताची ताकातली भाजी आणि अर्धी ज्वारीची भाकरी दे गं, पोटाला पण बरी. ताक फार आंबट नको.

साताऱ्याची_सून
बाप रे, एवढ्या आयडिया! सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना विचारते, गोळ्यांचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माडगं नक्की, कुळीथ माहेरून आलेलाच आहे. घोळाणा सासूबाई करतात पण मला वाटायचं तो फक्त घरच्यांसाठी असतो, पाहुण्यांना वाढत नाहीत म्हणून विचारलंच नाही कधी.
पण माझा मूळ प्रश्न राहिलाच की, बाजरीची भाकरी!! १४ जणांच्या ३० भाकऱ्या मी कशा करणार, आणि गोड काय करू?

कराडचा_खवय्या
३० भाकऱ्या स्वतः करू नका वहिनी, गल्लीत कुणीतरी मावशी ऑर्डरवर करून देत असतील, बचत गटवाल्या पण देतात. २ किलो पीठ लागेल असं धरा. गरम भाकऱ्या सुती कापडात गुंडाळून टोपलीत ठेवल्या तर दोन-तीन तास मऊ राहतात.

माणदेशी_आजीची_नात
थांबा थांबा, रत्नागिरीची मुलगी बाजरीला घाबरते म्हणजे काय! तांदळाच्या भाकरीला उकड काढतेस ना? तशीच बाजरीची काढ. पाण्याला आधण आलं की मीठ टाकून गॅस बंद करायचा, पीठ घालून उलथन्यानं ढवळून १० मिनिटं झाकून ठेवायचं आणि कोमट असताना मळायचं. माझी आजी म्हणायची की हे आळशी बायकांचं काम, पण तिच्या हाताखाली मोडलेल्या भाकऱ्या मी वाटीत लपवून कुस्करून खाल्ल्यात म्हणून मला आळशी म्हटलेलं चालतं.
दोन गोष्टी पाळ. एक, पीठ ताजं दळून आण, बाजरीत तेलाचा अंश असतो म्हणून पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं आणि तुटण्याची बोंब वेगळीच, मागच्या महिन्यातलं डब्यातलं पीठ असेल तर त्याचं काही करू नकोस. दुसरं, दळायला देताना दीड किलो बाजरीत मूठभर उडदाची डाळ टाक, चिकटपणा येतो. तीळ वरच्या बाजूला दाबायचे, तव्यावर टाकल्यावर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची. दोन दिवस आधी चार करून बघ, पहिल्या दोन कुत्र्याला, तिसरी जमेल.

सांगली_किचन
गोडाचं सांगते. महाबळेश्वरला जाणारच आहात तर येताना स्ट्रॉबेरी आणा, त्या पिशव्यांत वरच्या छान आणि खालच्या दबलेल्या असतात म्हणून बॉक्स उघडून बघून घ्या. रात्री दही फडक्यात बांधून चक्का करा, सकाळी त्यात स्ट्रॉबेरी कुस्करून घाला, साखर अजिबात नको, वाटलंच तर पोरांच्या वाटीत चमचाभर मध. दिसायला इतकं सुंदर दिसतं की डाएटवाली नणंद आधी फोटो काढेल.
दुसरं तासगावचे बेदाणे आणि खजूर. २५० ग्रॅम भाजलेले तीळ, १०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, २०० ग्रॅम खजूर, मूठभर बेदाणे, सगळं मिक्सरला थांबत थांबत फिरवून सुपारीएवढे लाडू. सुपारीएवढेच हं, लिंबाएवढे नाही. यात पण साखर नाही म्हणून सासऱ्यांनी पाच खायचे असं नाही, खजूर गोडच असतो, एक दिलात तर भाकरी थोडी कमी करा.
जाता जाता, मंडईत ओली हळद आली असेल तर लोणचं घाला. सोलून काड्या करायच्या, आल्याच्या काड्या, हिरवी मिरची, मीठ, भरपूर लिंबू, झालं, दोन दिवसांत मुरतं. सोलताना हाताला तेल लावा. मी नाही लावलं एकदा आणि आठवडाभर ऑफिसात सगळे विचारत होते हळद कुणाची होती.

साताऱ्याची_सून
रिपोर्ट द्यायला आले, काल संध्याकाळी गेले सगळे 🙏
पहिल्या दिवशी माडगं: घाईत पीठ डायरेक्ट उकळत्या पाण्यात टाकलं, गुठळ्याच गुठळ्या. रवीनं घुसळून गाळलं. पण थोरल्यांनी दोन दोन कप घेतलं, पोरांनी वास घेऊन परत केलं. भोगीच्या भाजीला अडीच किलो कमी पडलं, माझ्याच सासरची माणसं म्हणून बोलत नाही जास्त.
हुरडा मिळाला नाही, खटावच्या ओळखीच्यांनी दोन आठवडे थांबा सांगितलं. डहाळे भाजले गच्चीत. धाकट्या भाच्याच्या तोंडाला, नाकाला, स्वेटरला सगळी काजळी, नणंद ओरडत होती आणि स्वतः पण तिथंच बसून खात होती.
शेवटच्या दिवशी धुंधुरमास केला. पाचला उठायचं म्हणताना जाऊबाई "आम्ही सुट्टीला आलोय" म्हणाल्या, मी म्हटलं तुम्ही झोपा. साडेसहाला भरिताचा वास गेल्यावर त्याच स्वयंपाकघरात येऊन मला भाकऱ्या थापू लागल्या, त्यांना कशा येतात विचारलं तर म्हणे माहेर फलटणचं. इतकी वर्षं मला माहितीच नाही! १७ भाकऱ्या मावशींच्या, बाकीच्या आम्ही दोघींनी केल्या. उकडीच्या माझ्या एकूण ६ झाल्या, मोडली फक्त एक.
सासऱ्यांच्या गोळीचं डॉक्टरांना विचारलेलं, त्यांनी वेळ कशी ठेवायची सांगितलं, दुपारी चाकवत आणि अर्धी भाकरी. तिळाचे लाडू मात्र सासऱ्यांनी किती खाल्ले ते मला डब्यावरून कळलं, त्यांनी एकच सांगितला होता.
जाऊबाई म्हणाल्या पुढच्या वर्षी जानेवारीत येतो, हुरड्याला. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. @जतचं_शिवार, गुळभेंडीचं बियाणं कुठं मिळतं हो, दिरांच्या शेतात दोन सरी लावून बघावं म्हणतेय.