जेयुनिट ५: मेव्हनवर 'टेस्ट्स रन: ०'

प्रश्न:
जेयुनिट ५ (जावाची टेस्ट लायब्ररी), मेव्हन ३.६ (बिल्ड टूल), जावा ११. आयडीईत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) सगळ्या टेस्ट हिरव्या, पण टर्मिनलवर 'टेस्ट्स रन: ०' आणि वर 'बिल्ड सक्सेस'! काय राहिलंय?

उत्तर १:
शुअरफायर, म्हणजे टेस्ट चालवणारा मेव्हनचा प्लगिन, जुना आहे. पॉममध्ये (प्रोजेक्टच्या मेव्हन सेटिंग फाइलमध्ये) त्याची आवृत्ती दिली नाही तर मेव्हन ३.६ स्वतःहून २.१२.४ उचलतो, त्याला जेयुनिट ५ ची ओळखच नाही. आयडीईचा रनर वेगळा, म्हणून तिथे चालतं. बिल्डच्या प्लगिन्समध्ये शुअरफायर २.२२.२ किंवा ३ च्या मालिकेतला लिहा, २.२२.० च्या खालचा नको. डिपेन्डन्सी 'जेयुनिट-ज्युपिटर' ही एकच पुरे, स्कोप टेस्ट. एपीआय आणि इंजिन दोन्ही त्यातूनच येतात.

प्रश्नकर्ता:
चाललं! पण १४ पैकी ११ च दिसतात.

उत्तर २:
क्लासची नावं बघा. 'बिलिंगचेक' असलं नाव शुअरफायर गुपचूप सोडून देतो, 'बिलिंगटेस्ट' करा. 'आयटी'ने संपणारे क्लास फेलसेफचे (इंटिग्रेशन टेस्टचा वेगळा प्लगिन), ते मेव्हनच्या 'व्हेरिफाय' कमांडला चालतात.

उत्तर १:
आणि शुअरफायरच्या सेटिंगमध्ये 'फेलइफनोटेस्ट्स' ट्रू करा. शून्य टेस्टवर बिल्ड पडायलाच हवं, नाहीतर सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) कुणाच्या लक्षातही येत नाही.