खोडलेली किंमत: त्यांची थाप की आपलीच हौस?

अर्धविराम
दोन महिन्यांपूर्वी एका वाफेच्या इस्त्रीचा स्क्रीनशॉट मी बहिणीला पाठवला होता, 'घेऊ का?' म्हणून. ती नको म्हणाली, विषय संपला. परवा तीच इस्त्री एका संकेतस्थळाच्या महासेलमध्ये दिसली. वरची किंमत खोडलेली, शेजारी लाल अक्षरांत '७० टक्के सूट', खाली उलटं पळणारं घड्याळ: ऑफर संपायला ११ मिनिटं. घेतली. पैसे भरून झाल्यावर सहज तो जुना स्क्रीनशॉट काढला. तेव्हा सूट नव्हती, खोडाखोड नव्हती आणि किंमत आजच्या 'सवलतीच्या' किमतीपेक्षा जराशी कमीच होती. अर्ध्या तासाने पान पुन्हा उघडलं, तर घड्याळ नव्याने १५ मिनिटांवर!

पुढचं ऐका. इस्त्री वाफ सोडत नाही, पाणी गाळते. तक्रारीला चॅटबॉट. त्याच्याकडे चार पर्याय: वस्तू मिळाली नाही, वेगळीच मिळाली, तुटलेली मिळाली, माझं मत बदललं. 'गळते' हा पर्यायच नाही. 'तुटलेली' निवडलं तर फोटो मागितला. फोटोत इस्त्री धडधाकट दिसते, म्हणून विनंती नामंजूर. तिसऱ्या दिवशी मेल आला: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

माझं म्हणणं असं की खोडलेली किंमत म्हणजे नुसती सजावट नव्हे, ते विधान आहे. 'ही वस्तू आम्ही कालपर्यंत या भावाने विकत होतो' असं विधान. ते खोटं असेल तर त्याला मार्केटिंग न म्हणता खोटंच म्हणावं. आणि घेताना एक टिचकी, परत करताना चक्रव्यूह, हा त्याच धोरणाचा दुसरा भाग आहे. पटतंय का कुणाला?

जमाखर्च
मी स्वतः ऑनलाइन माल विकतो, त्यामुळे दगड इकडेच येणार हे माहीत आहे. पण एक सांगतो. सूट न दाखवता विकणं म्हणजे काय असतं, ते अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानांच्या साखळीने करून पाहिलंय. अ‍ॅपलची दुकानं नावारूपाला आणणारे रॉन जॉन्सन तिथे प्रमुख झाले आणि त्यांनी २०१२ साली कूपनं आणि सततचे सेल बंद केले. रोज एकच रास्त भाव, खोडाखोड नाही. त्या वर्षी विक्री जवळजवळ चौथ्या हिश्शाने घसरली. एप्रिल २०१३मध्ये जॉन्सन यांना नारळ दिला आणि सेल परत आले.

लोकांना स्वस्त नको असतं हो, 'वाचवले' हे समाधान हवं असतं. मी दर वेळी सूट नाही लावली तर माझा माल यादीत कुठे तळाला जातो, तेही एकदा येऊन बघा. आणि तुमच्यापुरतं बोलायचं तर इस्त्री त्या किमतीला परवडली म्हणूनच घेतलीत ना? मग फसवलं कुठे?

अर्धविराम
परवडली म्हणून खोटं माफ, हा हिशोब मला जमत नाही. शिवाय घड्याळ नसतं तर मी पैसे भरायच्या *आधी* स्क्रीनशॉट काढला असता.

टिकली
एक हलकंसं. '५० टक्के + वर २० टक्के' वाचून माझा मोठा भाऊ अजूनही ७० टक्के धरतो. शंभराचे पन्नास, पन्नासावर वीस टक्के म्हणजे दहा, राहिले चाळीस. सूट ६० टक्के. आणि '७० टक्क्यांपर्यंत'मधला तो 'पर्यंत' वाचायला भिंग लागतं, ते वेगळंच.

मुंगीची_वही
जमाखर्च, जेसी पेनीचं उदाहरण तुमच्या बाजूचं आहे असं मला वाटत नाही. वर्षानुवर्षं फुगवलेल्या किमती दाखवून सवय कुणी लावली? सवय लावायची आणि मग 'लोकांनाच हवंय' म्हणायचं!

शिवाय 'मग फसवलं कुठे?' याचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. टव्हर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४मध्ये मांडलेला एक प्रयोग आहे. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी आधीच सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांत आफ्रिकी देश किती टक्के? चक्र १० वर थांबलेलं पाहणाऱ्या गटाचा मधला अंदाज २५ आला, ६५ पाहणाऱ्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही. मग वस्तूच्या अगदी शेजारी छापलेला, तिचाच म्हणवणारा आकडा काय करत असेल? रेघ मारली म्हणून तो डोक्यातून जात नाही. उलट रेघेमुळेच नजर तिथे जाते.

काठावरचा
मी दोन्हीकडून थोडं थोडं बोलतो. युरोपीय संघात २८ मे २०२२पासून नियम आहे: सूट जाहीर करायची तर आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवायची. त्यातही पळवाट निघाली. काही दुकानं ती किंमत बारीक अक्षरांत देत आणि टक्केवारी मात्र दुसऱ्याच चढ्या किमतीवरून काढत. आल्डी झ्यूड या साखळीचं असंच प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०२४मध्ये निकाल लागला की टक्केवारीसुद्धा त्या ३० दिवसांच्या नीचांकावरूनच काढली पाहिजे. म्हणजे अर्धविराम यांची इस्त्री तिथे असती आणि स्क्रीनशॉटमधला भाव त्या ३० दिवसांतला असता, तर सूट शून्य, खरं तर उणे.

भारतातही ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत गिऱ्हाइकाला चकवणारे असे १३ प्रकार नाव घेऊन दिलेत. खोटी घाई हा त्यातला एक, म्हणजे तुमचं ते घड्याळ. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं आणि शेवटच्या पानावर शुल्कं वाढवत नेणं, हेही त्यात आहे.

जमाखर्च
नियम छान. पण मी महिनाभर चढा भाव लावून बसलो, एक नग विकला नाही आणि एकतिसाव्या दिवशी 'सूट' दिली, तर? कागदावर सगळं स्वच्छ. करत नाही, पण करणारे आहेत.

परत करण्याबद्दलही बोला की. सदरा घालून समारंभ उरकायचा, आतला टॅग सांभाळायचा आणि सोमवारी 'मापात बसला नाही' म्हणून परत. माझ्याकडे आलेल्या एका सदऱ्याच्या खिशात पार्किंगची पावती होती! जाण्यायेण्याचा वाहतूक खर्च माझ्या बोकांडी. ते चार पर्याय असल्या मंडळींमुळे आलेत, हौसेने कुणी बसवले नाहीत.

मुंगीची_वही
पावती वाचून हसले. पण लबाड गिऱ्हाइकासाठी बांधलेली भिंत आडवी येते सरळ गिऱ्हाइकाला. लबाडाला कुठला पर्याय दाबायचा ते पाठ असतं.

रात्रपाळी
बराच वेळ नुसतं वाचत होतो. मी साडेतीन वर्षं अशाच एका कंपनीसाठी चॅटवर बसायचो. एका वेळी तीन खिडक्या उघड्या, तीन माणसं तीन प्रकारे चिडलेली. उत्तरं तयार साच्यातली: 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' हे वाक्य दिवसातून किती वेळा डकवलं असेल, देव जाणे. वर पडद्यावर दर तिकिटाचा, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीचा, वेळ चाललेला. तिकीट किती लवकर बंद केलं यावर गुण, प्रश्न सुटला का यावर नाही. म्हणून 'सोडवण्यात आली आहे'. पैसे परत करायचं बटण माझ्याकडे नव्हतंच. ते माझ्या वरच्याकडे, आणि त्याच्याकडे पाठवलेली तिकिटं मोजली जायची, जास्त झाली की माझे गुण कमी.

त्यामुळे सेवा वाईट का, याला 'माणसं उद्धट' हे उत्तर नाही. सेवा ठरवून तशी बसवलेली असते. या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूने.

अर्धविराम, कामाचं सांगतो. फोटो नको, सलग व्हिडिओ काढा: खोक्यावरचा अनुक्रमांक, इस्त्रीवरचा अनुक्रमांक, मग पाणी भरून गळताना. चॅट सोडून थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. भारतात २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण द्यावं लागतं. मेलमध्ये नियमाचं साल लिहा. साच्यातलं उत्तर देणारा तिथे अडखळतो.

काठावरचा
चॅटबॉटवरून आठवलं. एअर कॅनडाच्या बॉटने एका प्रवाशाला सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीचं सांगितलं. वाद न्यायाधिकरणापुढे गेला, तिथे कंपनीचा बचाव काय, तर बॉट स्वतःच्या कृतीला स्वतः जबाबदार! फेब्रुवारी २०२४मध्ये तो फेटाळला गेला आणि भरपाई द्यावी लागली. विकताना बॉट कंपनीचा आणि चुकल्यावर परका!

जमाखर्च
हे मात्र अति झालं, मान्य. पण खोडलेल्या किमतीवर माझं मत बदललेलं नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी बंद केली तर मीही करीन. एकट्याने करायला मी जॉन्सन नाही.

अर्धविराम
आठ दिवसांनी परत आलो. रात्रपाळी, तुमचा उपाय लागू पडला, आभार. वर्तमानपत्रावर इस्त्री ठेवून व्हिडिओ काढला. अर्ध्या मिनिटात अग्रलेख भिजला. चौथ्या दिवशी परतीची विनंती मंजूर, इस्त्री घेऊनही गेले.

पैसे बँकेत नाही, त्यांच्याच 'वॉलेट'मध्ये आलेत. वापरायला मुदत ३० दिवस.

जमाखर्च
मग काय घेताय?

अर्धविराम
काही नाही. पैसे बँकेत द्या म्हणून नवी तक्रार टाकायला गेलो. तेच चार पर्याय आहेत.