पीयूसी (बारावी) झालंय, लहान मुलांना शिकवायचंय – डिप्लोमा करू, बीए करू की बीएड?

जांबोटी_रोड:

नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी आर्ट्स आणि लगेच लग्न, त्यामुळं पुढचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. आता दोन्ही मुलं शाळेत जायलेत आणि मी जवळच्याच एका खाजगी शाळेत एलकेजीला मदतनीस म्हणून जाते. हे काम मला इतकं आवडतंय की दुसरं काही करावंसंच वाटत नाही. पण मोठ्या बाई रजेवर असल्या तरच वर्ग माझ्याकडं, एरवी डबे उघडून देणं, शी-शू, रांगेत उभं करणं एवढंच, कारण माझ्याकडं ना कोर्स ना डिग्री.

बेळगावात एका इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी केली, ते म्हणाले एक वर्षाचं एनटीटी (नर्सरी टीचर ट्रेनिंग) करा सरकारी नोकरी पक्की, फी ऐकून मात्र घाम फुटला. नणंद म्हणते आधी बीए मग बीएड कर, बीएड म्हटलं की कुठंही चालतंय. घरातले म्हणतात अंगणवाडीची जाहिरात निघाली की अर्ज टाक आणि गप बस. तिघांचं तीन तऱ्हेचं ऐकून डोकं बधिर झालंय. रोज कॉलेजला जाणं जमणार नाही, आणि कन्नड वाचता येतं पण लिहायला अडखळते. लहान मुलांची चांगली टीचर व्हायचं असेल तर नेमकं काय शिकावं आणि घर सांभाळून कसं करावं, ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

निपाणीची_टीचर:

ताई, आधी बीएडचं बघू कारण त्यातच बायका सगळ्यात जास्त गोंधळतात. ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बीएड चालत नाही, त्याला डीएलएडच पाहिजे, प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा, म्हणजे आपल्याकडची जुनी माणसं टीसीएच म्हणायची आणि नंतर डीएड झालं ते. तुमच्या नणंदेच्या सल्ल्यानं गेलात तर तीन वर्षं बीए, दोन वर्षं बीएड, आणि एवढं करून ज्या वयाच्या मुलांसाठी धडपडताय ती मुलं राहतील बाजूलाच. हायस्कूलला शिकवायचं असतं तर गोष्ट वेगळी.

आता एनटीटी. नाव एकच पण दुकानं शंभर. एनसीटीई म्हणजे शिक्षकांच्या कोर्सना मान्यता देणारी केंद्राची संस्था, तिच्या नियमात बालवाडीच्या शिक्षकांसाठी जो कोर्स आहे त्याला डीपीएसई म्हणतात, तो दोन वर्षांचा असतो आणि बारावीला ५० टक्के लागतात, राखीव गटांना त्यात सूट असते. एक वर्षात सरकारी नोकरी पक्की म्हणणाऱ्यांना सरळ विचारा की एनसीटीईचं मान्यतापत्र कुठाय, आणि त्यांनी कागद दाखवला तरी एनसीटीईच्या वेबसाइटवर यादीत नाव आहे का ते स्वतः बघा, मगच पैसे भरा. खाजगी शाळा एनटीटीवर घेतात हे खरंय, पण सरकारी नोकरीची हमी देणं कुठल्याच इन्स्टिट्यूटच्या हातात नसतंय.

तुमच्या परिस्थितीत मी इग्नूचा, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, डीईसीई हा बालशिक्षणाचा डिप्लोमा घ्या म्हणेन. बारावी पास पाहिजे, कमीत कमी एक वर्षाचा, पुस्तकं घरी येतात, हिंदीतून करता येतो. त्यात बालसंगोपन केंद्र कसं चालवायचं, मुलांचं आरोग्य आणि आहार, आणि विशेष गरजा असलेली मुलं असे तीन विषय, शिवाय प्रोजेक्ट, ज्यात मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करून लिहायचं असतं. तुम्ही रोज एलकेजीतच असता, म्हणजे प्रोजेक्टसाठी वेगळी शाळा शोधत हिंडायला नको. फक्त एक ध्यानात ठेवा, हा डिप्लोमा डीएलएडच्या जागी धरत नाहीत, पहिलीची सरकारी टीचर व्हायला तो पुरणार नाही.

आणि डिग्री सोडू नका. डिप्लोमा हातात आला की इग्नूतूनच बीए लावा, ते तीन वर्षांचं असलं तरी सहा वर्षांपर्यंत पुरं करायला मुभा असते, परीक्षा जून आणि डिसेंबरला. घरात आजारपण निघालं, लग्नकार्य आलं, एखादा पेपर राहिला तरी पुढं देता येतो. नाशिकचं मुक्त विद्यापीठ मराठीतून आहे म्हणून तिकडं ओढा असतो पण त्याचं कार्यक्षेत्र महाराष्ट्रापुरतं आहे. माझ्यासारखं निपाणीत असाल तर शेजारी अर्जुननगरला देवचंद कॉलेज आहे, ते हद्दीपलीकडं आणि शिवाजी विद्यापीठाचं, पण खानापूरहून ते रोजचं नव्हेच.

कणबर्गीकर:

माझी मिसेस अंगणवाडी टीचर आहे म्हणून लिहितो. घरच्यांचं अगदीच चूक नाही, तुमचं पीयूसी आहे आणि कर्नाटकात सेविकेला तेवढंच लागतं, फक्त जागा ज्या गावची किंवा वॉर्डाची तिथलीच रहिवासी पाहिजे, म्हणजे तुमच्या गावात जागा रिकामी होईपर्यंत वाट बघणं आलं. हे मानधनाचं काम आहे, पगाराचं नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला ही त्यातली मोठी गोष्ट. पण पोरांना शिकवणं हा तिच्या दिवसाचा एक तुकडा, बाकी आहार, वजनं, गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरणाला माणसं गोळा करणं, मोबाईलवर माहिती भरणं, कुठला ना कुठला सर्वे. पुढं सुपरवायझरच्या जागांत सेविकांसाठी वाटा असतो आणि तिथं डिग्री विचारतात, त्यामुळं अंगणवाडीत गेलात तरी बीए लागणारच की.

शहापूर_बालवाडी:

कोर्स कुठला ते वर नीट सांगितलंय, मी जरा वेगळं सांगते कारण आमच्या बालवाडीत दरवर्षी नव्या मुली शिकवायला येतात आणि शिकलेली कोण, नुसती हौशी कोण हे महिन्याभरात कळतं.

जून उजाडला की पालक वही मागतात. शेजारच्या इंग्लिश मीडियमला पोरगं एबीसीडी लिहितंय आणि तुमच्याकडं नुसता खेळ काय चाललाय. न शिकलेली बाई घाबरते आणि साडेतीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन रेघेत अक्षर काढायला बसवते. त्या वयात बोटांत तेवढी ताकद आलेली नसते हो. कणीक मळणं, कागद फाडणं, चिंचोके वेचणं, फडकं पिळणं यातून ती ताकद येते आणि मग अक्षर आपोआप वळणदार येतं. हे पालकाला शांतपणे समजावून सांगता येणं, त्याच्या रागाला न घाबरता, यासाठी शिक्षण लागतं. २०२० च्या शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी, आणि ऑक्टोबर २०२२ ला त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला त्यातही खेळ, गोष्टी, गाणी, हाताला मिळतील ती खेळणी यावरच भर आहे. आराखडा इंटरनेटवर फुकट मिळतो, कोर्स सुरू व्हायच्या आधीच वाचा, पालकसभेत तो पुढं ठेवता येतो.

दुसरं म्हणजे भाषा, आणि आपल्या भागात तर हेच सगळ्यात महत्त्वाचं. घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्लिश. घरी पोपटासारखं बोलणारं पोर वर्गात तोंड उघडत नाही, आणि बाई म्हणतात मंद आहे. मंद नसतं, त्याला पाणी मागायचं असतं पण कुठल्या भाषेत मागू हे कळत नसतं. अशा पोराला आधी त्याच्या भाषेत बोलू द्यायचं, गोष्ट मराठीत सांगायची, मग तीच गोष्ट दोन-चार कन्नड शब्द घालून, मग इंग्लिश गाणं. घरची भाषा पक्की झाली की बाकीच्या दोन्ही लवकर येतात. ताई, तुम्हाला मराठी येतंय, कन्नड समजतंय, म्हणजे अशा पोराशी दोन्हीकडून बोलणारी बाई तुमच्या वर्गात आधीच आहे, नुसते डबे उघडायला तिला का ठेवायचं? शिकून घ्या आणि वर्ग मागा.

वय झालं असं मनात असेल तर बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या अनुताई वाघांचं बघा. तेराव्या वर्षी लग्न, थोड्याच महिन्यांत वैधव्य, मॅट्रिक रात्रशाळेतून, आणि पदवी १९६१ ला, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर. तोवर ताराबाई मोडकांबरोबर आधी बोर्डी मग कोसबाडला आदिवासी मुलांच्यात वर्षानुवर्षं काम चाललेलंच होतं. काम थांबवून शिकल्या नाहीत, काम करता करता शिकल्या.

जांबोटी_रोड:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. घरात सगळं वाचून दाखवलं, बीएडचं ऐकून नणंदही गप्प झाली 🙂 डीईसीईच करायचं ठरवलंय आणि गृहलक्ष्मी या सरकारी योजनेचे दोन हजार येतात ते फीसाठी बाजूला काढायलेय. दोन शंका आहेत. कन्नडचं काय करू? आणि फॉर्म भरताना काय काय लागतं, माझं दहावीच्या मार्क्स कार्डवर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं.

निपाणीची_टीचर:

छान ठरवलंत. कन्नड सोडून चालणार नाही, आपण कर्नाटकात आहोत, अंगणवाडी असो की सरकारी शाळा, सगळे रिपोर्ट, सर्क्युलर, मीटिंग कन्नडमध्येच. तुमची मुलं शाळेत कन्नड शिकत असतीलच, त्यांच्याबरोबर रोज अर्धा तास तुम्हीही शुद्धलेखन काढा आणि वर्गातल्या मुलांबद्दल रोज चार ओळी कन्नडमध्ये लिहून ठेवा, नोंदीही होतील आणि हातही बसेल.

इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांना निघतात, फॉर्म ऑनलाइनच. फोटो, सही, दहावी आणि पीयूसीची मार्क्स कार्डं, जातीचा दाखला असेल तर तो, शिवाय आता एबीसी आयडी (क्रेडिट जमा ठेवायच्या सरकारी खात्याचा नंबर) आणि डीईबी आयडी (दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा नंबर) आधी काढून घ्यावा लागतो. नावाचं काम फॉर्मच्या आधी मिटवा. मॅरेज सर्टिफिकेट काढलेलं नसेल तर ते काढा, नाहीतर नोटरीकडून अ‍ॅफिडेव्हिट करून ठेवा, नाहीतर पुढं सर्टिफिकेटवर एक नाव आणि आधारवर दुसरं असं होऊन नोकरीच्या वेळी हेलपाटे पडतात. स्टडी सेंटर निवडताना बेळगाव जिल्ह्यातलं घ्या, कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळं बायकांना सरकारी बसला तिकीट नाही, कोल्हापूरच्या गाडीला मात्र ते चालत नाही. फॉर्म भरताना कुठं अडलं तर इथंच विचारा, स्क्रीनशॉट टाकलात तरी चालेल, फक्त आधार नंबर झाकून.